हिंगवाड्याच्या सगळ्या मोटरी तीनच्या

हिंगवाडे, ता. यावल
४ एप्रिल १९८७

चि. रतिलाल यास तोताराममामाचा अंधारातून आशीर्वाद.

पत्र ओट्यावर बसून दिवसाउजेडी लिहितो आहे, पण आशीर्वाद अंधारातलाच समज. काल आमच्या गावची डीपी पुन्हा जळाली. वर्षातला हा चौथा ट्रान्सफॉर्मर. वायरमन म्हणतो, नवीन यायला वीस दिवस लागतील. जळाली नव्हती तेव्हा तरी काय सुख होतं म्हणा! दिवा लागला आहे की नाही हे पाहायला दुसरा दिवा लावावा लागायचा.

माझी केळी निसवणीला आली आहेत, घड बाहेर पडायची वेळ. विहिरीजवळचं माझं तीन एकर वावर, गट नंबर ८७, तू लहानपणी तिथे पाटात डुंबायचास. अख्ख्या शिवारात असं वावर नाही. एप्रिलच्या उन्हात केळीला चार दिवस पाणी चुकलं की पान फाटतं आणि घड अर्ध्यात अडकतो. मागच्या उन्हाळ्यात नऊशे खोडं गेली. यंदा तेवढी गेली तर तुझ्या मामीसमोर उभं राहायला मला तोंड नाही.

आता कामाचं. भुसावळकडून मोठी लाइन ओढून आपल्या भागातल्या चाळीस गावांसाठी एक मोठं उपकेंद्र बांधणार, असं पेपरात आलं आहे. आणि तू धुळ्याला वीज बोर्डाच्या त्याच योजनेच्या टेबलावर बसतोस! मी गावात सांगून टाकलं की उपकेंद्र हिंगवाड्याला येणार, भाच्याने शब्द दिला आहे. तू दिलेला नाहीस हे मला माहीत आहे, पण आता देऊन टाक.

सावद्याच्या बाजारात आपले चिखलोद्याचे व्याही पितांबर भेटले. म्हणाले, उपकेंद्र चिखलोद्यालाच येणार. चार लोकांत पैज लागली. ज्याच्या गावाला येणार नाही त्याने हिवाळ्यात दुसऱ्याच्या अख्ख्या गावाला भरीत-पुरीचं जेवण द्यायचं. माणूस आपल्या मुलीचा सासरा आहे म्हणून हरू का मी?

धुळ्याच्या ट्रकवाल्याबरोबर बारा फण्यांचा घड पाठवला आहे. मिळाल्याचं कळव.

तुझा
तोताराममामा


धुळे
१५ एप्रिल १९८७

तीर्थस्वरूप मामांना पंख्याखालून नमस्कार.

घड पोहोचला. फण्या नऊ होत्या. तीन ट्रकवाल्याने खाल्ल्या असतील, असं मी ऑफिसात सांगितलं.

मामा, उपकेंद्र म्हणजे काही रुसलेली पाहुणी नाही, की आग्रह केला आणि आली. आम्ही चाळीस गावांचा भार मांडतो. कुठल्या गावात किती मोटरी, किती हॉर्सपॉवरच्या, हे नकाशावर टाकतो आणि ज्या ठिकाणी सगळ्या भाराचा मध्य येतो तिथे उपकेंद्र बसवतो. भाराच्या जवळ असेल तरच शेवटच्या विहिरीपर्यंत विजेचा दाब टिकतो. अडतीस गावांचं जमून आलं आहे. काटा अडला आहे तो हिंगवाडे आणि चिखलोदे या दोघांवर.

आणि इथेच पंचाईत आहे. आमच्या दप्तरी हिंगवाड्याच्या एकशे बेचाळीस मोटरी आहेत आणि एकूण एक तीन हॉर्सपॉवरची आहे. आमचा नकाशे काढणारा छगन पिंपळनेरचा. तो यादी पाहून म्हणाला, "साहेब, हाई कसं गाव शे? बठ्ठास्नी मोटर तीननी! जशा एकच मायन्या पोरी!"

या हिशोबाने तुमची डीपी दिवसभर मांडी घालून जांभया देत असली पाहिजे. ती जळते कशी? चिखलोद्याने पाच, साडेसात असे आकडे दिले आहेत.

सोबत कोरे फॉर्म पाठवतो. प्रत्येक शेतकऱ्याकडून भरून घ्या. हात जोडून विनंती, खरं लिहा.

तुमचा
रतिलाल


हिंगवाडे
२९ एप्रिल १९८७

चि. रतिलाल यास,

आशीर्वाद देतो, पण थोडा राखून.

तुला मी खांद्यावर बसवून सावद्याचा बाजार दाखवला आणि तू मलाच खरं लिहायला सांगतोस? अरे, पंपाचं बिल मोटरीच्या हॉर्सपॉवरवर येतं, हे काय मला माहीत नाही? आकडा विचारायचा भाच्याने आणि बिल वाढवायचं त्याच्या बोर्डाने! तुझा यात दोष नाही, वरच्यांनी तुझ्या आडून डाव टाकला आहे. पण तुझा मामा पंधरा वर्षं सरपंच होता.

तरी फॉर्म भरून पाठवले आहेत. त्यासाठी चावडीवर सभा घेतली. जीवरामने विचारलं, "आबा, माही मोटर कितीची लिहू?"

म्हटलं, "तीनची लिह्य."

"पन मांगच्या साली बी आपुन तीनचीच लिह्यली होती."

"मंग? मोटर काय पोरगी आहे, दरसाल वाढाले?"

सगळं गाव हसलं आणि एकमताने तीन लिहिलं. अशी एकी तुला जिल्ह्यात दिसणार नाही. धुरपदाबाईंच्या पिठाच्या गिरणीलाही तीनच लिहून टाकलं, उगीच दुजाभाव नको.

डीपी का जळते ते विचारलंस. खार चढते. या चारही वेळा खारच होती, बहुतेक तीच.

उपकेंद्राचं पक्कं झालं की तारेने कळव. पितांबरांना तार दाखवायची आहे.

तुझा
तोताराममामा

ता.क. मी बेबामामी लिहिते आहे. हे पत्र पाकिटात घालायला मला दिलं आणि दुपारचे आडवे झाले आहेत. आमची मोटर दहाची आहे. जीवरामची साडेबाराची. मोटरीवरच्या पत्र्याच्या पाट्या सावद्याच्या नूरभाईंकडून तीनच्या करून घेतल्या आहेत, सगळ्या गावाने. नूरभाई जळालेल्या मोटरी पुन्हा बांधतात, त्यांना सगळ्यांचं खरं माहीत असतं. केळी पाहवत नाहीत रे बाबा. हे मी लिहिलं असं सांगू नको.


धुळे
११ मे १९८७

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

मामींनी पाकीट छान चिकटवलं होतं, त्यांना सांगा. त्याखेरीज त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तुमचे फॉर्म मिळाले. मी हिशोब करून पाहिला. तुमच्या विहिरीचं पाणी नव्वद फुटांवर. तीनच्या मोटरीने ते वर चढवून तुम्ही तीन एकर केळी भिजवता. आकडेमोडीप्रमाणे तुमची केळी मागच्या दिवाळीतच वाळायला हवी होती. तुम्ही एकतर पाणी मंत्राने वर काढता, नाहीतर पाटीत काहीतरी गडबड आहे.

हे पाहा मामा, आता चेष्टा पुरे. तुमचं गाव माझ्या मामाचं म्हणून मी ही फाइल आमच्या मोठ्या साहेबांच्या हाती दिली आहे. उद्या कुणी म्हणायला नको की भाच्याने ओढलं. त्यामुळे आकडे बोलतील तेच होणार. आणि तुमचे आकडे सांगतात की हिंगवाड्याला विजेची गरजच नाही. कच्च्या नकाशात उपकेंद्र चिखलोद्यालाही थांबलं नाही, त्याच्या पलीकडे दोन कोस गेलं आहे. तुम्ही लाइनच्या शेपटाला आलात. आज दिवा दिसायला दुसरा दिवा लागतो, उद्या तो दुसराही लागणार नाही.

वीस जूनला आकडे बंद होतात. त्यानंतर दहा वर्षं तरी कुणी या कागदांना हात लावणार नाही.

तुमचा
रतिलाल


हिंगवाडे
१९ मे १९८७

चि. रतिलाल यास घाईचा आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताटावरून उठून तसाच लिहायला बसलो. चिखलोद्याच्याही पलीकडे? मग पैज कोण जिंकलं? ते जाऊ दे, माझी केळी!

तुझं म्हणणं पटलं. सोबत नवीन फॉर्म आहेत. आधीचे फाडून टाक. आमच्या सगळ्या मोटरी पंधरा हॉर्सपॉवरच्या आहेत. एकशे बेचाळीस गुणिले पंधरा, एकवीसशे तीस. माझी जीर्ण झालेली जुनी मोटर गोठ्यात पडली आहे, ती यावर वेगळी धरली. गिरणी पंधराची. प्रमिलाबाई शिंपिणीचं शिलाई मशीन पायाने चालतं, पण पुढेमागे मोटर बसवलीच तर असावी म्हणून तेही पंधराचं. भविष्याचा विचार योजनेत करतातच ना?

फक्त एवढं बघ, की हा कागद उपकेंद्राच्या टेबलावर जावा आणि बिलाच्या टेबलावर आधीचा.

तुझा
तोताराममामा


धुळे
२६ मे १९८७

तीर्थस्वरूप मामांना दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचे फॉर्म माझ्या आधी साहेबांनी उघडले. जुने एका हातात, नवे दुसऱ्या हातात. दोन्हीकडे त्याच सह्या, त्याच शाईच्या. साहेब सहसा हसत नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "चौधरी, वीस दिवसांत मोटरी पाचपट वाढल्या. तुमचे मामा खत कोणतं घालतात ते विचारा."

सगळं ऑफिस हसलं. छगन तर नकाशाच्या टेबलाखाली गेला. मीही हसलो, पण मामा, मला वाईट वाटलं. लोक ज्याला हसत होते ते माझं आजोळ होतं.

आता साहेबांचा तुमच्या कुठल्याच कागदावर विश्वास नाही. माणूस पाठवून पाट्या तपासा म्हटलं, तर म्हणाले, पाट्यांचा काय भरवसा. पक्का पुरावा आणा, नाहीतर जुना तीनचा आकडा कायम.

मी एका ठिकाणी पत्र टाकलं आहे. कुठे ते विचारू नका.

तुमचा
रतिलाल


सावदा
२ जून १९८७

रतिलालसाहेबांना नूर महंमद मोटर वाइंडिंगवाल्याचा सलाम.

तुमचं पत्र मिळालं. माझी बायको सितारा हिने वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

खरं सांगतो. हिंगवाड्याच्या पाट्या मीच ठोकल्या. नऊ वर्षांपूर्वी पहिली तोतारामभाऊंची. मग ज्याची मोटर जळून दुकानात आली तो म्हणाला, नूरभाई, बांधून द्या आणि जाताना तीनची पाटी मारा. मी मारली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला मी कोण?

पण पाटी पत्र्याची असते साहेब. मोटरीच्या पोटात तांबं असतं, ते किती घातलं ते मला लिहून ठेवावंच लागतं. नाहीतर पुढच्या वेळी बांधू कसा? कुणाची मोटर, किती खाचा, किती वेढे, तार किती नंबरची, वजन किती, सगळं माझ्या वहीत आहे. गावातली एकही मोटर अशी नाही जी एकदा तरी माझ्याकडे आलेली नाही. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला त्यावरून खरा हॉर्सपॉवर काढता येईल. वही सोबत पाठवतो. तेलाचे डाग आहेत, माफ करा.

सितारा म्हणाली, "वही देऊन टाकताय, पण वीज नीट आली तर मोटरी जळणार नाहीत. मग आपण काय करायचं?" बरोबर आहे तिचं. दाब पडतो म्हणून मोटर जळते आणि मोटर जळते म्हणून माझी चूल पेटते. मागच्या उन्हाळ्यात तोतारामभाऊंची केळी वाळून गेली त्या दिवशी माझ्या दुकानात सतरा मोटरी रांगेत होत्या. हंगाम जोरात होता माझा. भाऊ आले, मोटर ठेवली आणि बाकड्यावर बसून लहान पोरासारखे रडले. मला म्हणाले, कोणाला सांगू नका. आज तुम्हाला सांगतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून वही पाठवली. काम झालं की परत करा, गिऱ्हाइकं येताहेत.

तुमचा
नूर महंमद


धुळे
८ जून १९८७

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

नूरभाईंची वही माझ्यासमोर आहे. छगन आणि मी तीन दिवस बसून बेरीज केली. हिंगवाड्याचा खरा भार अकराशे अठरा हॉर्सपॉवर. सव्वाचारशेच्या हिशोबाची डीपी हे ओझं नऊ वर्षं ओढत होती. खारीची माफी मागा.

नूरभाईंवर रागावू नका. त्यांनी स्वतःच्या पोटावर पाय देऊन ही वही दिली आहे.

वही मी अजून साहेबांना दाखवलेली नाही. ती तुमच्या गावाची झाकली मूठ आहे, मी परस्पर उघडणार नाही. या आकड्यासोबत प्रत्येकाची सही हवी की हा माझा खरा भार. आणि स्वच्छ सांगतो, सही केली की बिलही खऱ्या आकड्यावरच येणार. दोन टेबलांवर दोन कागद मी ठेवू शकत नाही. कमी बिल आणि मेलेली वीज, की पुरतं बिल आणि जिवंत केळी, हे तुम्ही ठरवा.

वीस तारीख लक्षात असू द्या. आणि मामा, पहिली पाटी तुमची होती म्हणे.

तुमचा
रतिलाल


हिंगवाडे
१६ जून १९८७

चि. रतिलाल यास,

तुझं पत्र आलं. पहिल्या दिवशी नूरभाईवर चिडलो होतो, दुसऱ्या दिवशी स्वतःवर. तो बाकड्यावरचा प्रकार त्याने तुला लिहिला की नाही, मला माहीत नाही. लिहिला असेल तर वाचून विसरून जा.

तिसऱ्या दिवशी तुझ्या मामीने माझ्यासमोर स्क्रूड्रायव्हर ठेवला. म्हणाली, "पाटी तुम्हीच लावली, तुम्हीच काढा. का तेबी मीच करू?"

सगळ्या गावाला गट ८७ च्या विहिरीवर बोलावलं. सगळ्यांसमोर मोटरीवरची तीनची पाटी काढली आणि सांगितलं, माझी मोटर दहाची आहे. नऊ वर्षं खोटं लिहिलं, तुम्हालाही शिकवलं. चूक माझी. आपण बोर्डाला फसवत होतो असं वाटत होतं, पण डीपी आपलीच जळत होती.

मग जीवराम पुढे आला, मान खाली घालून म्हणाला, "माही साडेबाराची." झालं! एकच गिल्ला उठला. त्याचा सख्खा शेजारी ओरडला, "तरीच! माह्या विहिरीचं पानी कुठी जाते ते आता समजलं!" एकेकाची मोटर बाहेर पडत गेली तशी जुनी भांडणं मिटली आणि तेवढीच नवी सुरू झाली. धुरपदाबाईंची गिरणी पंधराची निघाली. मागच्या वेळी घाबरून मारलेली थाप तेवढी एक खरी ठरली!

एकशे बेचाळीस सह्या सोबत आहेत. माझा माणूस उद्याच्या एस.टी.ने घेऊन येतो. माझी सही पहिली आहे, बघ.

तुझा
तोताराममामा


धुळे
२८ सप्टेंबर १९८७

तीर्थस्वरूप मामा आणि मामींना नमस्कार.

पत्राला उशीर झाला. कामाचा व्याप फार. इकडे पाऊस बरा झाला. छगनला मुलगी झाली. पेढे मिळाले.

योजना मंजूर झाली आहे. साहेबांनी तुमच्या सह्यांचा गठ्ठा वरच्या बैठकीत दाखवला. म्हणाले, मंडळी, असा खरा आकडा मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला. भाराचा मध्य सरकून हिंगवाड्याच्या शिवारात आला आहे. पैज तुम्ही जिंकलात. अभिनंदन!

जागा शिवेजवळ आहे. चिखलोद्याच्या बाजूला. रस्ता जवळ हवा, जमीन सपाट हवी, पाणी साचायला नको, असे नियम असतात. मी तिथे नव्हतो, मोजणी दुसऱ्यांनी केली. तीन एकर लागणार आहे. मोबदला मिळतो. गट नंबर शेवटी लिहिला आहे.

मामींची तब्येत कशी आहे?

तुमचा
रतिलाल

गट नंबर ८७.


धुळे
२० नोव्हेंबर १९८७

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. दिवाळीचा फराळ आला, पण आत चिठ्ठी नव्हती. मामींच्या हाताचा चिवडा ओळखला. मामा, रागावला असाल तर शिव्या लिहून पाठवा, पण पत्र पाठवा. हरकत घ्यायची मुदत अजून आहे. तुम्ही हरकत घेतलीत तर मी समजू शकतो.

तुमचा
रतिलाल


हिंगवाडे
१७ जानेवारी १९८८

चि. रतिलाल यास तोताराममामाचा भरल्या पोटी आशीर्वाद.

रागावलो होतो. खोटं लिहायची सवय आता सोडली आहे म्हणून सांगतो, चांगला महिनाभर रागावलो होतो. वाटलं, हरकतीचा अर्ज लिहावा. वर्षानुवर्षं पडीक पडलेली जमीन सगळ्या शिवारात आणि यांना माझंच वावर सापडलं! अर्ज लिहायला बसलोही. पहिली ओळ लिहिली, "सदर ठिकाणी विजेची गरज नाही." वाचलं आणि मलाच हसू आलं. ते मी नऊ वर्षं लिहीतच होतो.

मामीला विचारलं. ती म्हणाली, वावराजवळ विहीर आहे, विहीर आपल्याकडे राहील का? मोजणीवाल्यांनी विहीर सोडली आहे. मग ती म्हणाली, पलीकडचं दोन एकर कोरडवाहू आहे, विजेला जोर आला की पाणी तिथवर चढेल, तिथे केळी लावू. मी सही करून दिली.

काल पितांबरांनी पैजेचं भरीत दिलं. खरं तर ते येईनात. म्हणाले, उपकेंद्राचा दक्षिणेचा कोपरा आमच्या शिवेला लागतो, म्हणजे अर्धं आम्ही जिंकलो. शेवटी असं ठरलं की वांगी त्यांची, पुऱ्या आमच्या आणि दोन्ही गावं एका पंगतीला. पंगत गट ८७ मध्येच बसवली. केळीची पानं तिथलीच कापली, आता ठेवून कोणासाठी?

नूरभाई आणि सितारावहिनी आले होते. नूरभाईला मी पंगतीत माझ्याशेजारी बसवलं. त्याला सध्या दम खायला फुरसत नाही. एकशे बेचाळीस खऱ्या पाट्या ठोकायच्या आहेत. पुढचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, भाऊ, वीज आली की घरोघरी पंखे येतील, मिक्सर येतील, बायका मिक्सरमध्ये हरभराडाळ घालतील आणि माझं दुकान चालेल. मामी त्याला म्हणाली, पहिला मिक्सर मी जाळते.

टॉवरचे खड्डे खणायला सुरुवात झाली आहे. वीज यायला अजून दीड-दोन वर्षं, असं तुमची माणसं म्हणतात. येईल. मध्ये दोनदा डीपी गेली. आता खारीला कोणी काही बोलत नाही.

आज वावर रिकामं केलं. शेवटची केळी उतरवली. खोडं पाडताना मी तिथे थांबलो नाही, विहिरीवर जाऊन बसलो. मोटरीवर दहाची पाटी आहे, तिच्याकडे बघत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, रतिलाल. ते नूरभाईच्या दुकानात आलं होतं तसलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

त्या वावरातला शेवटचा घड तुला पाठवतो आहे. ट्रकवाला तोच आहे. घडाला नऊ फण्या आहेत. मोजून घे.

तुझा
तोताराममामा